विकास आराखड्याच्या नियोजन समितीवर आर्किटेक्टने जावं का?

तुमचा प्रश्न वाचला. चौदा वर्षं एकाच शहरात प्रॅक्टिस, स्वतःचं छोटं ऑफिस, शहराचा सुधारित विकास आराखडा प्रसिद्ध व्हायच्या बेतात, आणि नगररचना विभागातल्या एका साहेबांनी विचारलंय की नियोजन समितीवर तज्ज्ञ म्हणून तुमचं नाव सुचवू का. मानधन नावापुरतं. तुम्हाला जाणून घ्यायचंय की वेळ किती जाईल, क्लायंट नाराज होतील का, आणि मुळात या समितीचं कुणी ऐकतं का की सगळं आधीच ठरलेलं असतं.

मी एका नगरपरिषदेच्या अशाच समितीवर काम केलंय, आणि त्याआधी न् नंतर टेबलाच्या पलीकडे, म्हणजे जमीनमालकांच्या वतीने हरकती घेऊनही बऱ्याच सुनावण्यांना उभा राहिलोय, त्यामुळे दोन्ही बाजूंचं थोडंफार माहितीये. वेळेचं उत्तर सगळ्यात सोपं, ते शेवटी देतो. तुमची खरी अडचण मला वेगळी दिसते. ज्या गावात आपलं पोट आहे त्याच गावातल्या जमिनींवर मत द्यायला बसायचं, आणि तेही अशा जागी जिथे शेवटचा निर्णय आपला नाही. रोष पूर्ण, अधिकार अर्धा. हे पेलणार असेल तर जरूर जा. नुसतं शहरासाठी काहीतरी करायचंय एवढ्यावर जाऊ नका, तो उत्साह पहिल्या काही सुनावण्यांतच संपतो.

आता ही समिती नक्की येते कुठे ते बघू, कारण बरेच आर्किटेक्ट इथेच गफलत करतात. एमआरटीपी म्हणजे १९६६ चा महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, त्यात आधी कलम २३ खाली आराखडा करण्याचा इरादा जाहीर होतो, कलम २५ प्रमाणे विद्यमान जमीन वापराचा नकाशा होतो, मग कलम २६ खाली प्रारूप आराखडा प्रसिद्ध होतो आणि लोकांच्या हरकती-सूचना मागवतात. त्या ऐकायला कलम २८ खाली नियोजन समिती बसते. स्थायी समितीतले ३ सदस्य आणि सरकारच्या बाजूने नेमलेले जास्तीत जास्त ४ तज्ज्ञ, ज्यांना नगररचना किंवा पर्यावरण या विषयांतलं विशेष ज्ञान किंवा अनुभव आहे. समिती अहवाल देते नियोजन प्राधिकरणाला, म्हणजे तुमच्या पालिकेला. पालिका त्यात तिला पटतील ते बदल करून कलम ३० खाली आराखडा शासनाला पाठवते आणि कलम ३१ खाली मंजुरी शासन देतं.

म्हणजे तुम्ही आत शिरता तेव्हा आराखडा काढून झालेला असतो. रस्ते पडलेले असतात, झोन रंगवलेले असतात, आरक्षणांना, म्हणजे शाळा, बाग, दवाखाना अशा सार्वजनिक कामांसाठी राखून ठेवलेल्या जागांना, नंबर मिळालेले असतात. ज्यांना वाटतं की आता आपण शहराला आकार देणार, नदीकाठ कसा असावा, बाजारपेठ कशी असावी, त्यांची इथे घोर निराशा होते. ते काम करायची वेळ आधीची, विद्यमान जमीन वापराचा नकाशा तयार होत असताना, आणि ते करायला समितीवर असावंच लागतं असं नाही. नगररचना अधिकाऱ्याला लेखी टिपण द्या, सोबत नकाशा जोडा, फोटो जोडा. अगदी मोठी उदाहरणं घ्यायची तर १९६५ च्या सुमाराला चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल या तिघांनी खाडीपलीकडे नवं शहर वसवायची कल्पना मांडली तेव्हा ते कुठल्या सरकारी समितीच्या खुर्चीतून बोलत नव्हते, ते शहर म्हणजे नवी मुंबई वसवणारी सरकारी कंपनी सिडको त्यानंतर १९७० मध्ये आली. तुमचा प्रारूप आराखडा अजून प्रसिद्ध झालेला नाही असं तुम्ही लिहिलंय, तर डोक्यात जे मोठं आहे ते या आठवड्यात कागदावर उतरवून देऊन टाका. समितीवर गेल्यावर तुमच्यासमोर फक्त हरकती येणार.

ऐकतं का कुणी? खरं सांगायचं तर कधी ऐकतात, कधी नाही. पुण्याच्या जुन्या हद्दीच्या आराखड्याचं काय झालं ते तुम्हाला आठवत असेल. २०१३ मध्ये प्रारूप प्रसिद्ध झालं, ८७ हजारांहून जास्त हरकती-सूचना आल्या, नियोजन समितीत एकमत झालं नाही आणि अहवालही वेगवेगळे निघाले, पुढे २०१५ मध्ये शासनाने आराखडा महापालिकेच्या हातातून काढून घेतला आणि विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली दुसरी समिती बसवली, मंजुरी जानेवारी २०१७ ला. मुंबईत तर २०१५ च्या फेब्रुवारीत आलेलं प्रारूप एवढं वादात सापडलं की दोनच महिन्यांत मुख्यमंत्र्यांनी ते नव्याने करायला सांगितलं, आणि सुधारित आराखडा २०१८ मध्ये मंजूर झाला. हे सांगतोय ते घाबरवायला नाही. दोन्हीकडे एक गोष्ट दिसते, की आराखडा एका हातातून दुसऱ्या हातात जातो, माणसं बदलतात, आणि पुढच्या माणसाला मागचं काय कळतं तर कागदावर जे लिहिलेलं असेल तेवढंच. मंत्रालयातल्या ज्या कक्ष अधिकाऱ्यासमोर किंवा ज्या सहसंचालकासमोर ती फाईल जाईल त्याने तुमचं शहर कदाचित बघितलेलंही नसेल. 'हरकत मान्य, आरक्षण वगळावे' एवढंच लिहिलं असेल तर त्याला ते मान्य करायलाही कारण नाही आणि फेटाळायलाही नाही, मग ज्याचा आवाज मोठा त्याचं होतं. पण 'सदर जागेवर १९९८ पासून मंजूर रेखांकनाप्रमाणे घरं आहेत, समितीने पाहणी केली, शाळेसाठी लगतच्या गटात पर्यायी जागा उपलब्ध, क्षेत्रफळात घट नाही' असं असेल तर ते बाजूला सारायला त्यालाही काहीतरी लिहावं लागतं. माझ्या मते समितीवरच्या तज्ज्ञाचं सगळं वजन या कारणांच्या रकान्यात असतं, सभेत तुम्ही किती छान बोललात याला काडीची किंमत नाही.

म्हणून पहिल्याच बैठकीत तक्त्याचा नमुना ठरवून घ्या. आमच्याकडे मूळ तक्त्यात अर्ज क्रमांक, नाव, गट नंबर, मागणी, प्रशासनाचा अभिप्राय आणि समितीचा निर्णय एवढेच रकाने होते. त्यात जागेवरची स्थिती आणि निर्णयाचं कारण असे दोन वाढवून घेतले, आणि कारणाचा रकाना रिकामा असेल तर त्या अर्जावर सही होणार नाही असं ठरवलं. सुरुवातीला कुरकुर झाली, टायपिंग वाढतं म्हणून. नंतर निवडून आलेल्या सदस्यांनाच ते सोयीचं वाटायला लागलं, कारण वॉर्डात कुणी विचारलं की माझं का नाही झालं तर दाखवायला उत्तर होतं.

आता सुनावणी. लोकांना वाटतं तिथे मोठी चर्चा होते. प्रत्यक्षात एका माणसाला जेमतेम काही मिनिटं मिळतात, बाहेर व्हरांड्यात लाईन, आत टेबलावर आराखड्याची शीट पसरलेली, एक सर्व्हेअर मोजपट्टी घेऊन उभा आणि समोरच्या माणसाच्या हातात सातबारा, मोजणीची नक्कल, कधी नुसतीच घरपट्टीची पावती. त्याला शीट वाचता येत नाही. आपली जमीन कुठे आहे तेच त्याला सापडत नाही, तो उलट्या बाजूने बघत असतो. आर्किटेक्टचा पहिला उपयोग इथेच. शीट फिरवून त्याच्या दिशेला करायची, हा तुमचा ओढा, हा मारुतीच्या देवळाकडचा रस्ता, ही तुमची विहीर, असं बोट ठेवून दाखवायचं, आणि मग विचारायचं की आता सांगा तुमचं म्हणणं काय. निम्म्या वेळा हरकतच बदलते. रस्ता आपल्या घरावरून जातोय म्हणून रडकुंडीला आलेला माणूस बघतो की तो शेजारच्या पडीक तुकड्यातून चाललाय. आणि उलटही होतं बरं का, जो निव्वळ 'आरक्षण रद्द करा' छापील अर्ज घेऊन आला होता त्याला कळतं की आरक्षण बाजूलाच आहे, पण अठरा मीटरचा रस्ता आपल्या गोठ्यातून गेलाय आणि त्याबद्दल आपण काही लिहिलेलंच नाही.

छापील अर्जांचं सांगतो. एकाच मजकुराच्या झेरॉक्स, फक्त नाव आणि गट नंबर पेनाने भरलेला, असे गठ्ठेच्या गठ्ठे येतात. काही सदस्य ते बघून वैतागतात, कुणीतरी भरवलेत म्हणतात. असतीलही भरवलेले. तरी ऐकायचं, कारण सुनावणीची संधी देणं हे कायद्याने बांधलेलं आहे आणि त्यात कुचराई झाली तर पुढे हायकोर्टात तोच मुद्दा निघतो. विषय एकच असेल तर सगळ्यांना एका वेळी बोलवा, शीटवर सगळ्यांचे गट एकदम रंगवून घ्या, म्हणजे चित्र कळतं. आमच्याकडे असं रंगवल्यावर दिसलं की वेगवेगळ्या वाटणाऱ्या हरकती एकाच रस्त्याच्या एकाच वळणावर होत्या. वळण का दिलंय हे कुणालाच सांगता येईना. जागेवर गेलो तर तिथे जुना नाला होता, आराखडा करणाऱ्याने पुढचा भाग नाल्याच्या कडेने नेला होता आणि मागचा सरळ, आणि दोन शीटा जिथे जुळतात तिथे तो सांधा घातला होता. ऑफिसात बसून हे कधीच लक्षात आलं नसतं.

इथे आर्किटेक्टच्या डोळ्याला एक सवय मुद्दाम लावून घ्यावी लागते. आपण १:१०० च्या प्रमाणातल्या नकाशांवर जगतो, तिथे रेषा म्हणजे रेषा. आराखड्याची शीट १:५००० ची असेल तर १ मिलिमीटर जाडीची रेष म्हणजे जमिनीवर ५ मीटर. १८ मीटरचा रस्ता शीटवर साडेतीन मिलिमीटरच्या आसपास. म्हणजे हद्दीची रेष जरा जाड आली की एखाद्याच्या घराची पुढची खोली आत की बाहेर हे शीटवरून ठरवताच येत नाही, आणि तरी लोक मोबाईलवर फोटो मोठा करून भांडत असतात. अशा ठिकाणी समितीने ठोकून निर्णय द्यायला जाऊ नये. मोजणी नकाशावर आखणी टाकून बघा, लागली तर भूमी अभिलेखची संयुक्त मोजणी मागा, आणि अहवालात लिहा की रस्त्याची मध्यरेषा अमुक गटांच्या सामाईक बांधावरून धरावी. हे एक वाक्य पुढे कित्येक वर्षांचे वाद वाचवतं. आराखडा जीआयएसवर, म्हणजे संगणकावरच्या नकाशा प्रणालीत, केला असेल तर काम सोपं होतं, पण त्यातही मूळ गाव नकाशे बसवताना सरकलेले असतात, स्क्रीनवर सगळं रेखीव दिसतं म्हणून विश्वास ठेवू नका.

सगळ्यात अवघड भाग म्हणजे दया. समजा ४० गुंठ्यांचा गट आहे, पाच भावांची वाटणी झालेली, प्रत्येकी ८ गुंठे, आणि त्यावर खेळाच्या मैदानाचं आरक्षण. पाचही जण समोर उभे राहतात, एकाच्या मुलीचं लग्न, एकाचं कर्ज, आणि ते सगळं खरं असतं. तुम्ही म्हणता वगळा. पुढच्या अर्जात दवाखान्याची जागा, तिथेही तसंच. महिन्याभराने शीटकडे बघितलं तर त्या भागात घरंच घरं आणि मैदान शून्य. ज्या मुलांना ते मैदान लागणार होतं त्यांच्या वतीने हरकत घ्यायला कुणी आलेलं नसतं, येणारही नाही. म्हणून मी एक वही ठेवायचो, सेक्टरप्रमाणे: प्रारूपात मैदानं, बागा, शाळा, दवाखाने यांचं क्षेत्र किती, आजवरच्या आमच्या शिफारशींनी किती कमी झालं, पर्यायी जागा किती दिली. प्रत्येक दिवसाच्या शेवटी ती बेरीज सगळ्यांसमोर वाचायची. निवडून आलेल्या सदस्यांनाही आकडा ऐकला की थांबावंसं वाटतं, कारण पुढे पाच वर्षांनी बाग नाही म्हणून मोर्चा त्यांच्याच दारात येणार असतो.

वगळा आणि ठेवा यांच्या मधलंही बरंच काही असतं, आणि तिथे आर्किटेक्टचं डोकं खरंच चालतं. आरक्षणाचा आकार बदलून घरं सोडता येतात का बघायचं. लगत सरकारी किंवा गायरान जमीन असेल तर तिकडे सरकवायचं. समावेशक आरक्षणाची तरतूद आहे, मालकाने ठरलेला भाग विकसित करून पालिकेला द्यायचा आणि उरलेला स्वतः वापरायचा, भाजी मंडई, वाचनालय असल्या गोष्टींना ते चालून जातं, मैदानाला मात्र माझ्या मते ते फसवं आहे, शेवटी कोपऱ्यात एक पट्टा उरतो आणि त्यावर गाड्या लागतात. शिवाय समोरच्या माणसाला हेही सांगायचं की आरक्षण म्हणजे जमीन फुकट गेली असं नाही, कलम १२६ मध्ये वाटाघाटीने, टीडीआर (दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क) किंवा एफएसआयच्या (जादा बांधकामाच्या परवानगीच्या) रूपात, किंवा रीतसर भूसंपादन असे मार्ग आहेत, आणि अंतिम आराखडा अंमलात आल्यापासून १० वर्षांत काही झालं नाही तर कलम १२७ ची नोटीस देता येते आणि पुढच्या २४ महिन्यांत संपादनाची पावलं पडली नाहीत तर आरक्षण व्यपगत होतं, म्हणजे आपोआप संपतं. हे कलम समितीने उलट्या बाजूनेही लक्षात ठेवावं. पालिकेची ऐपत नसताना शेकडो आरक्षणं टाकली की १० वर्षांनी एकेक सुटत जातात, आणि सुटतात ती नेमकी मोक्याची, कारण नोटीस द्यायला वकील परवडतो तो त्याच मालकाला. तेव्हा कमी, पण घेता येतील अशी आरक्षणं राहिलेली बरी, हे माझं स्पष्ट मत. सगळ्या प्लॅनर लोकांना ते पटत नाही, ते म्हणतात की आज रेष नाही मारली तर उद्या जागाच उरणार नाही, आणि त्यांच्याही म्हणण्यात तथ्य आहे.

पाणी असेल तिथे मात्र दया दाखवू नका. निळी पूररेषा म्हणजे साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे १०० वर्षांतून एकदाच्या. निळ्या रेषेच्या आतली जमीन निवासी करा म्हणून अर्ज आला की 'इतक्या वर्षांत कधी पाणी आलं नाही' हे हमखास ऐकायला मिळतं. नाल्याची रुंदी गाव नकाशावर किती आहे आणि आज जागेवर किती उरलीय हे दोन आकडे शेजारी शेजारी लिहा, पुढे बोलायची गरज पडत नाही.

आता तुमचा नाजूक प्रश्न, क्लायंट. होतील नाराज. काही जण तर उलट खूश होतील, आणि ते जास्त धोक्याचं. तुमचं नाव जाहीर झालं की ज्यांनी वर्षभर बिल दिलं नाही त्यांचा फोन येईल, साहेब चेक तयार आहे, आणि हो, आपला तेवढा गट नंबर जरा बघा. यावर उपाय एकच आणि तो पहिल्या बैठकीच्या आधी करायचा. एक यादी करा: स्वतःच्या, बायकोच्या, भावांच्या, सासरच्या जमिनी, मागच्या तीन-चार वर्षांतले क्लायंट, सध्या मंजुरीसाठी दाखल असलेली प्रकरणं, पार्टनर असेल तर त्याचीही. गट नंबरासकट. ती अध्यक्षांना लेखी द्या, पोच घ्या. त्यातला गट आला की नुसतं गप्प बसून भागत नाही, खोलीबाहेर जायचं आणि इतिवृत्तात नोंद करून घ्यायची की अमुक सदस्य या चर्चेत सहभागी नव्हते. गप्प बसलेला सदस्य बाहेरच्या माणसाला सहभागीच दिसतो, आणि कोर्टालाही.

समिती चालू असेपर्यंत हरकतीतल्या कुठल्याही जमिनीचं नवं काम घ्यायचं नाही, कुणाचा हरकतीचा अर्ज लिहून द्यायचा नाही, अगदी मित्राचासुद्धा. तुम्ही विचारलंय की ज्युनिअरच्या नावाने काम चालू ठेवलं तर चालेल का. नाही चालणार. गाव एवढं लहान असतं की कुणाच्या ऑफिसातून कुणाची ड्रॉइंग निघते हे चहावाल्यालाही ठाऊक असतं. आणि अहवाल गेला की लगेच दुसऱ्या दिवसापासून त्या जमिनींवर स्कीमा काढायला घेऊ नका, निदान शासनाची मंजुरी होईपर्यंत हात लांब ठेवा. हे शेवटचं कुठल्या नियमात लिहिलंय म्हणून नाही सांगत, मी स्वतः तसं ठेवलं आणि त्याचा फायदा असा की नंतर सुनावणीला कुणाच्या वतीने उभा राहिलो तर समोरच्यांनी निमूट ऐकून घेतलं.

कायद्याच्या अंगाने एवढं ध्यानात ठेवा की भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यातली लोकसेवकाची व्याख्या बरीच रुंद आहे, सार्वजनिक कर्तव्य बजावणारा माणूस तिच्यात येऊ शकतो, मानद आहे म्हणून सुटका नाही. कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरचे १९८९ चे व्यावसायिक वर्तणुकीचे विनियम आहेतच, कमिशन, भेटवस्तू देऊ-घेऊ नये वगैरे, ते आपण परवाना घेताना वाचतो आणि विसरतो, एकदा परत वाचा. आणि फोटो! समितीत दाखवलेली प्रस्तावित दुरुस्तीची शीट मोबाईलमध्ये काढून ग्रुपवर टाकणं, हे भोळेपणाने होतं, पण कुठला रस्ता कुठे सरकणार हे चार दिवस आधी कळणं म्हणजे तिथे जमिनीचे व्यवहार होणं. मी सुनावणीच्या खोलीत फोन बाहेर ठेवायचो, इतरांनीही मग ठेवले.

बाकी सदस्यांबद्दल. स्थायी समितीतून आलेले सदस्य म्हणजे सगळे राजकारणी, त्यांना काही कळत नाही, असा सूर घेऊन गेलात तर तुमचं काही चालणार नाही आणि तुम्ही चूकही असाल. कुठल्या वस्तीत खरंच किती घरं आहेत, कुठला ओढा पावसाळ्यात उलटा फिरतो, कुठली जमीन कागदावर एकाची आणि ताब्यात दुसऱ्याची, हे त्यांना तोंडपाठ असतं. त्यांच्यावर दबावही तुमच्यापेक्षा जास्त. त्यांना 'नाही' म्हणायचं असतं पण म्हणता येत नाही, अशा वेळी तज्ज्ञाने तांत्रिक कारणाने 'नाही' म्हटलं की ते सुटल्यासारखे होतात, बाहेर जाऊन तुमच्या नावाने बोटं मोडतील, मोडू द्या. जिथे मत खरंच वेगळं असेल तिथे भिन्नमत टिपण लिहा, छोटं, गट नंबरासकट, रागाचा शब्द न घालता. सगळ्या अहवालावर सही न करता उठून जाणं हे पेपरात छान दिसतं पण फाईलमध्ये तुमचं काहीच उरत नाही.

वेळ. हे शहरावर आहे, हरकती किती आल्या त्यावर आहे, आणि पालिकेने समितीला माणसं किती दिली त्यावर सगळ्यात जास्त. लहान नगरपरिषदेत काही आठवड्यांत सुनावण्या आटोपतात, मोठ्या महापालिकेत महिनोन्महिने चालतं. सुनावणीचे दिवस पूर्ण दिवस जातात, ऑफिसला संध्याकाळी तासभर मिळाला तर मिळाला, आणि पाहण्या रविवारी. ऑफिसात तुमच्या गैरहजेरीत साईट सांभाळणारा कुणी नसेल, सगळी भिस्त तुमच्यावरच असेल, तर आत्ता नका जाऊ, पुढच्या वेळी नाव देता येईल असंही म्हणवत नाही कारण आराखडा २० वर्षांतून एकदा होतो, पण दुसऱ्या वाटा आहेत. हेरिटेज समिती असते, वृक्ष प्राधिकरणावर बाहेरचे सदस्य घेतात, आणि साधा नागरिक म्हणून नीट अभ्यास केलेली एक हरकत दाखल करणं हेही काही कमी नाही, मी समितीवर असताना काही उत्तम सूचना कुठल्याही पदावर नसलेल्या निवृत्त माणसांकडून आल्या होत्या. तुमच्याकडे निवडून आलेली सभा नसून प्रशासक असेल तर समितीची रचना आणि वातावरण वेगळं असेल, ते त्या साहेबांनाच विचारून घ्या.

त्यांना होकार देण्याआधी आणखी तीन गोष्टी विचारा. प्रारूप आराखड्याचा अहवाल आणि विद्यमान जमीन वापराचे नकाशे समितीला सुनावणीआधी अभ्यासाला मिळणार का. जागेच्या पाहणीसाठी गाडी आणि सर्व्हेअर मिळणार का. आणि इतिवृत्त कोण लिहिणार, त्यासाठी वेगळा माणूस आहे की नगररचनेतलाच एखादा लिपिक बाकीचं काम सांभाळून रात्री लिहिणार. पहिल्या दोनांना 'बघू' असं उत्तर आलं तरी ओढूनताणून चालवता येतं, गाडी काय आपली नेता येते. तिसऱ्याला 'बघू' आलं तर मी नाही म्हणेन.